कोपरापुरती जागा

मालेसो, सोमवार, ५ फेब्रुवारी १९९६

वयाच्या बहात्तराव्या वर्षी माणसाने नवे घर, नवी बायको आणि नवी वही एकाच आठवड्यात करू नये, असे माझ्या बहिणीने मला पत्राने कळवले होते. वाक्य निर्दोष होते. मत मात्र चुकीचे निघाले. परवा शनिवारी सकाळच्या मिस्सेत माझे आणि रेमेदिओसचे लग्न लागले, आणि आज दुपारी पुस्तकांचे पाच खोके, दोन छत्र्या व माझे लिहिण्याचे टेबल घेऊन मी तिच्या घरी राहावयास आलो. ग्वामच्या शाळांमध्ये एकेचाळीस वर्षे मी व्याकरण शिकवले, आणि त्या सर्व काळात भाड्याच्या खोल्यांत केवळ मुक्काम केला. 'राहावयास' हा शब्द स्वतःविषयी मी आज प्रथम लिहीत आहे.

घर उत्तम आहे. वादळांना पुरून उरलेले, काँक्रीटचे, बैठे. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे धक्का आणि खाडीचे हिरवे पाणी. मागे नीरफणसाचे झाड आणि त्याखाली पत्र्याच्या छपराचे बाहेरचे स्वयंपाकघर. जेवायला लाल भात, भाजलेला मासा आणि लिंबू-मिरचीची चटणी होती. मीठ कुठे ठेवतेस असे मी विचारले, तेव्हा रेमेदिओस म्हणाली, "मास्तर, या घरात मिठाला नियम नाही. शोधायचं, सापडलं की घ्यायचं, नाही सापडलं तर अळणी खायचं." मी पुष्कळ हसलो. ती अडुसष्ट वर्षांची आहे आणि हसताना अजून ओठांवर हात धरते.

बैठकीच्या भिंतीवर अकरा छायाचित्रे आहेत, सर्व एकोणीसशे पंचेचाळीसची, ओरोतेच्या अमेरिकन नौदल तळावर काढलेली. तिचा पहिला नवरा अन्सेल्मो किनाता तिथे ट्रक चालवीत असे. ती धुलाईखान्यात होती. मी दुभाषी होतो. अन्सेल्मोला जाऊन पाच वर्षे होतील. दहा चित्रे लहान आहेत. मधले एक मोठे करून घेतलेले आहे, जवळजवळ दाराच्या झडपेएवढे. त्याचे वर्णन नीट करून ठेवतो. डावीकडे अठरा वर्षांची रेमेदिओस, कमरेवर धुतलेल्या कपड्यांची टोपली. मध्यभागी अन्सेल्मो, डावा पाय ट्रकच्या पायरीवर, उजवा हात पुढे ट्रकच्या बॉनेटवर टेकलेला. मागे पत्र्याची अर्धगोल बराक. उजव्या कडेला, जिथे चौकट संपते, तिथे पांढऱ्या बाहीतले एक कोपर.

ते कोपर माझे आहे. पन्नास वर्षे मी या घरात कोपरापुरता राहत होतो. आज उरलेला आलो.

ही वहीही मी पूर्वीच्या वह्यांप्रमाणे पूर्ण वाक्यांतच लिहीन. वाक्य अर्धे टाकून उठणे म्हणजे पाहुण्याला दारात उभे करून आपण आत निघून जाणे होय.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

या घराची एक रीत आहे आणि ती मला मान्य नाही.

लहानाने मोठ्याच्या हाताच्या पाठीला नाक लावावे, 'न्योत' म्हणावे आणि मोठ्याने "देव तुझे भले करो" असे उत्तर द्यावे, हा आपल्या बेटाचा जुना आणि सुंदर शिष्टाचार आहे. माझ्या विद्यार्थ्यांनी तो मोडला तर मी त्यांना वर्गाबाहेरून पुन्हा आत यायला लावीत असे. परंतु इथे घरात येणारा प्रत्येक जण प्रथम त्या मोठ्या छायाचित्राकडे जातो आणि अन्सेल्मोच्या बॉनेटवरच्या हाताला नाक लावतो. काचेवर त्या ठिकाणी नाकांचा एक कायमचा धुरकट डाग पडला आहे.

आज रेमेदिओसची मुलगी तोमासा आली. ती शेजारीच राहते, शाळेच्या भोजनगृहात काम करते आणि तिचा आवाज शंभर मुलांना रांगेत उभा करू शकतो. तिने वडिलांच्या हाताला नाक लावले, मग माझ्या, आणि मग 'तुन' हा वडीलधाऱ्याचा मान देऊन मला विचारले की, तुन सेबियो, तुम्ही पपांना भेटलात का? मी सांगितले की, त्या चित्रातला तरुण चोवीस वर्षांचा आहे आणि मी बहात्तरचा. बहात्तराने चोविसापुढे वाकणे हे शिष्टाचाराच्या विरुद्ध आहे.

तोमासा म्हणाली, "वा! पपांचा जन्म एकविसातला, तुमचा चोविसातला. मेल्यावर काय वय थांबतं? वाका, वाका, कंबर धरली तर मी चोळून देईन." मी म्हणालो की, मेल्यावर वय थांबते, म्हणूनच तर थडग्यावर दोन तारखा असतात. त्यावर ती आईकडे वळून म्हणाली की, हे तुझं नवीन माणूस उत्तर पाठ करून आलंय.

रेमेदिओस सुपारी कातरीत राहिली.

सोमवार, १२ फेब्रुवारी

त्या कोपराचा इतिहास एकदा लिहून ठेवतो म्हणजे मनातून जाईल.

जुलै एकोणीसशे पंचेचाळीस. जपान्यांना जाऊन एक वर्ष होत आले होते. सुमाय गाव तळाच्या कुंपणाआड गेले होते, आणि अन्सेल्मोसारखी सुमायची माणसे आपल्याच गावात पास दाखवून कामाला जात होती. धुलाईखान्यात कपड्यांच्या याद्या तपासण्याचे काम माझे नव्हते. ते मी मागून घेतले होते, कारण याद्या हातात असल्या की रेमेदिओसच्या शेजारी उभे राहता येई. त्या रविवारी माझ्या मामांना तिच्या घरी मागणी घालण्यास पाठवावयाचे मी ठरवले होते. मी ते कुणाला बोललो नव्हतो. योग्य वेळ येण्यापूर्वी बोलणे मला कधीच आवडले नाही.

तेवढ्यात तळाचा छायाचित्रकार आला. मी तिच्या शेजारी होतो. अन्सेल्मोने ट्रक आणून उभा केला आणि तो उडी मारून मध्ये आला. छायाचित्रकाराने डबा डोळ्याला लावला, हात हलवला आणि इंग्रजीत म्हणाला की, ए कागदवाल्या, दोन पावले बाजूला हो. ती भाषा तिथे फक्त मला येत होती. मी ते वाक्य बिनचूक आमच्या चामोरो भाषेत सर्वांना सांगितले, आणि मग मीच दोन पावले बाजूला झालो.

रविवारी अन्सेल्मोचे काका माझ्या मामांच्या आधी पोहोचले.

आज जेवताना मी रेमेदिओसला सहज विचारले की, चित्रातले ते कोपर कुणाचे असावे. तिने मान वर करून पाहिले. म्हणाली, "कुणाचं का असेना, बाही बघा किती पांढरी आहे! म्हणजे मीच धुतली असणार." आणि ती हसली, या वेळी हात ओठांवर न नेता.

चित्रात तिची नजर उजवीकडे आहे. माझ्या दिशेने निघते. वाटेत अन्सेल्मो उभा आहे.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

मेलेल्या माणसाचा मत्सर करणे हास्यास्पद आहे, हे मला समजते. जिवंत प्रतिस्पर्धी म्हातारा होतो, त्याचे दात पडतात, तो जेवताना आवाज करतो. हा मात्र रोज सकाळी चोवीस वर्षांचाच उठतो.

खिडकीजवळची वेताची खुर्ची 'सेमोची' आहे. सेमो म्हणजे अन्सेल्मो. निळा पेला सेमोचा आहे. कॉफीत मीठ ही सेमोची आवड. काल माझ्याही कॉफीत पडले. मी बोललो, तर ती म्हणाली, "हात जातो हो. पंचेचाळीस वर्षं हात तसाच गेलाय. त्याला काय व्याकरण शिकवू?" पुढच्या महिन्यात त्याची पुण्यतिथी येते. नऊ दिवस संध्याकाळी जपमाळ होईल आणि अर्धे गाव जेवेल. मी विचारले की, हे चित्र तोवर आतल्या खोलीत ठेवले तर चालेल का? तिने कातरी खाली ठेवली. म्हणाली की, मास्तर, मी तुमच्याशी लग्न केलं, त्याच्याशी मोडलं नाही.

वाक्य इतके नेमके होते की मी ते इथे जसेच्या तसे उतरवले.

बुधवार, २१ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

आज जे घडले ते क्रमाने लिहितो.

सकाळी चर्चमध्ये कपाळावर राख घेतली. माती आहेस आणि मातीला मिळशील, असे पाद्रींनी ज्याच्या त्याच्या कपाळाशी पुटपुटले. रेमेदिओस आणि तोमासा भाजीसाठी मागे राहिल्या. मी एकटा घरी आलो. दहा वाजले होते. बैठकीत लख्ख ऊन होते.

मी चित्रासमोर उभा राहिलो. मला राग आला होता, हे मान्य करतो. चर्चमधून निघताना तिने माझ्या खांद्यावरचा केर झटकला होता आणि म्हणाली होती, "चल सेमो." तिच्या लक्षात आले नाही. मी ते तिथे सुधारले नाही.

मी माझा उजवा हात त्याच्यासमोर धरला, मोठ्याने लहानासमोर धरावा तसा, पालथा, छातीच्या उंचीवर. मी म्हणालो, "अन्सेल्मो, मी वयाने मोठा आहे. तू घरात आलेल्या वडीलधाऱ्याला अजून भेटला नाहीस. पुढे ये आणि हात हुंग."

हे मी थट्टेने म्हणालो नाही.

हाताच्या पाठीवर एक श्वास लागला. कोरडा, उष्ण, तंबाखूचा आणि पेट्रोलचा वास असलेला. मग नाकाचा स्पर्श. तो इतका नेहमीचा, इतका शिस्तीत झाला की मी विचार न करता उत्तर दिले: "देव तुझे भले करो." एकेचाळीस वर्षांत एकाही मुलाचे वंदन मी बिनउत्तराचे सोडलेले नाही.

हाताच्या पाठीवर राखेचा एक ठिपका उमटला होता. माझाच हात कपाळाला लागला असेल असे मी स्वतःला सांगितले. मग आरशात पाहिले. माझ्या कपाळावरचा क्रूस अखंड होता, कुठेही पुसलेला नव्हता.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

अन्सेल्मोचे दोन्ही पाय जमिनीवर आहेत.

पाच तारखेच्या नोंदीत मी 'डावा पाय ट्रकच्या पायरीवर' असे लिहिले आहे. मी वर्णनात चूक करीत नाही. रेमेदिओसला विचारले. ती म्हणाली की, त्याचे पाय नेहमीच जमिनीवर होते. हवेत असतात ते तुम्ही, मास्तर.

आणखी एक गोष्ट. कडेला आता कोपर नाही. पूर्ण दंड आणि खांदा आहे.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

प्रामाणिकपणे लिहावयाचे तर मला आनंद झाला आहे.

आज सकाळी चित्रात माझा चेहरा आला. अर्धा, एक डोळा, अर्धे नाक, नीट भांग पाडलेले काळे केस. हातात याद्यांचे कागद. मी देखणा होतो. हे मला त्या वेळी कुणी सांगितले नाही.

मी तोमासाला बोलावून दाखवले. तिने पदार्थाचे भांडे काखेत धरून पाहिले आणि म्हणाली की, त्यात काय नवल, तो कारकून आहे, पहिल्यापासून आहेच की तिथे. ममा म्हणते रोज धुलाईखान्यात घुटमळायचा, बिचारा. मी म्हणालो की, तो मी आहे. ती म्हणाली, "मग बरं आहे ना! आला तुमचा फोटो. आता तरी कपाळावरच्या आठ्या काढा."

अन्सेल्मो थोडा मागे, ट्रकच्या सावलीत गेल्यासारखा दिसतो. त्याचा चेहरा नीट ओळखू येत नाही. मी त्याच्याकडे फार वेळ पाहिले नाही. मी माझ्याकडे पाहिले.

दुपारी बाहेरच्या स्वयंपाकघरातून रेमेदिओसचे हसणे ऐकू आले. ती कुणाशी तरी बोलत होती, मध्येच थांबत होती, ऐकून घेतल्यासारखी, आणि पुन्हा हसत होती. मी गेलो तेव्हा ती एकटीच होती. पाटावर सुपारीचे दोन विडे लावलेले होते. मी सुपारी खात नाही.

शनिवार, २ मार्च

वेताच्या खुर्चीत मी कधी बसत नाही. आज दुपारी सहज हात लावला. बैठक गरम होती.

खिडकीतून ऊन येते म्हणून, असे प्रथम लिहिले होते. ते खोडले. दुपारी त्या खिडकीत ऊन नसते.

जेवणात कारल्याचे लोणचे होते. मला कारले वर्ज्य आहे हे ती जाणते. मी तसे म्हणालो, तर ती माझ्याकडे, माझ्या जरा बाजूला, पाहून म्हणाली, "सकाळी तूच मागितलंस ना?" ती मला 'तू' म्हणत नाही. लग्नापूर्वीही म्हणाली नव्हती.

तिने केसांत फूल माळले होते.

बुधवार, ६ मार्च

चित्रात ट्रक आहे, ती आहे, मी आहे. मी उजव्या कडेपासून दोन पावले आत आलो आहे. अन्सेल्मो कुठेही नाही.

हेच मला हवे होते. बारा फेब्रुवारीला मी हेच लिहिले असते, जर स्वतःशी खरे बोललो असतो तर.

आता समजते. हाताला नाक लावावयाचे म्हणजे वाकावे लागते, आणि वाकावयाचे म्हणजे आपली जागा सोडून पुढे यावे लागते. मी त्याला पुढे बोलावले. तो आला. त्याने रीत पाळली, मी आशीर्वाद दिला. घरात आलेल्या माणसाला आशीर्वाद दिल्यावर, जा, असे म्हणता येत नाही.

खोलीत तंबाखूचा वास आहे. खुर्चीची उशी मध्यभागी खोल गेलेली आहे आणि ती वर येत नाही.

शुक्रवार, ८ मार्च

जपमाळेचा पहिला दिवस. संध्याकाळचे सहा, उजेड होता. चाळीस माणसे. प्रार्थना म्हणावयास तान उर्सुला आली. नव्वदीची आहे, डोळे गेले आहेत, सर्व पाठ. मोठे चित्र बैठकीत मांडलेल्या वेदीवर, फुलांमध्ये ठेवले होते.

तान उर्सुलाने मृताचे नाव घेतले. ती म्हणाली, "एउसेबियो नापुतीच्या आत्म्याला शांती लाभो."

सर्वांनी म्हटले: लाभो.

मी उभा राहिलो. मी स्पष्ट आवाजात सांगितले की, नावात चूक झाली आहे, ते माझे नाव आहे, मी इथे आहे. पुढची ओळ सुरू झाली. मी पुन्हा सांगितले. शेजारच्या बाईने वारा घेताना पंखा असा हलवला, जणू मध्ये मी नव्हतोच.

तोमासा उशिरा आली. ती वेदीकडे गेली. चित्रातल्या हाताला — माझ्या हाताला, बॉनेटवरच्या — नाक लावले. मला इथे, भिंतीशी उभा असताना, हाताच्या पाठीवर तिचा श्वास लागला. मग ती वेताच्या खुर्चीपाशी गेली, वाकली आणि म्हणाली, "न्योत, पपा. जेवलात का?"

खुर्चीच्या हातावर एक हात होता. म्हातारा. नखांत काळे तेल.

रविवार, १० मार्च

तो आता म्हातारा आहे. पंच्याहत्तर वर्षांचा, जिवंत राहिला असता तर जसा झाला असता तसा. तोमासाचे बरोबर होते, वय थांबत नाही. ते फक्त वाट पाहते.

तो जेवताना आवाज करतो. दात नाहीत. रेमेदिओस त्याला मासा मोडून देते, काटे काढून. तिने मला कधी —

मला याचा राग यावयास हवा की भीती वाटावयास हवी, हे ठरत नाही. राग येतो.

वरचे वाक्य अपुरे राहिले. पाहिले. पूर्ण करता येत नाही.

मंगळवार, १२ मार्च

माझे टेबल बाहेर व्हरांड्यात आहे. पुस्तकांचे खोके तोमासाने उचलून नेले. म्हणाली की, मास्तरांची पुस्तकं शाळेला देऊ, त्यांना आवडलं असतं.

असतं.

मी तिच्या समोर उभा होतो.

गुरुवार, १४ मार्च

आरशात नाही. चित्रात आहे. पूर्ण. हातात कागद आणि — पेन्सिल. पेन्सिल मागे नव्हती. मी नोंद केली नव्हती. की होती —

रेमेदिओसशी बोललो. कानाशी. तिने कान खाजवला. त्याला म्हणाली की, आज उगाच त्या मास्तरांची आठवण येते. किती नीटनेटके होते बिचारे, एक फोटो तरी धड असायला हवा होता त्यांचा. तो म्हणाला, "आहे की. तो काय." आणि माझ्याकडे पाहिले. नेमके माझ्याकडे. हसला नाही. त्याने मान लववली, लहानाने लववावी तशी.

तो मला अजून मोठाच मानतो.

शुक्रवार, १५ मार्च

उपाय सुचला आहे.

तो वाकला म्हणून जागेवरून सुटला. मी त्याच्यापुढे वाकावयास हवे होते, पहिल्याच दिवशी. मी वाकलो नाही. चूक माझी. एकवीस हे चोविसाच्या आधी येते. मी धाकटा आहे. उद्या शेवटचा दिवस. उद्या मी चित्रापुढे वाकेन, रीतसर, 'न्योत' म्हणेन. वंदन फिटले की तो त्याच्या जागी, मी माझ्या.

तिच्या शेजारी.

मी तिला विचारणार आहे. एकोणीसशे पंचेचाळीसमध्ये विचारावयाचे होते ते.

शनिवार, १६ मार्च

दुपार. बाकी सर्व मागे आहेत, डुक्कर भाजत आहेत. तो खुर्चीत आहे. डोळे मिटलेले. रेमेदिओस त्याच्या पायाशी बसून नखे —

मी वेदीपुढे आहे. काचेवरचा डाग समोर. नाक तिथेच लावावयाचे.

खुर्चीतून आवाज आला. तो म्हणाला की, मास्तर, विचार करा; तुम्हीच शिकवलंत, वाकायचं म्हणजे —

आता वाकतो. वही हातातच —

काच नाही. काच लागली नाही. नाकाला तापलेले लोखंड. बॉनेट. पेट्रोल. ऊन किती —

तारीख — जुलै

वही इथे नाही. धुलाईची यादी आहे. तिच्या मागे लिहितो. बॉनेटवर कागद ठेवून. बॉनेट भाजते.

ती आहे. शेजारी. अठरा वर्षांची. टोपली कमरेवर. साबणाचा वास. मध्ये कुणी नाही. पन्नास वर्षांनी मध्ये कुणी —

ती माझ्याकडे पाहत नाही.

नजर पूर्वी उजवीकडे होती. आता समोर आहे. समोर, हवेत, एक मोठे धुरकट चौकोनी काही. त्यापलीकडे बैठक, फुले, वेताची खुर्ची. ती त्याच्याकडे पाहते. तो तिथे आहे म्हणून ती तिथे पाहते. इथूनसुद्धा.

मी हाक मारली. टोपलीही हलली नाही.

समोरून माणसे येतात. एकेक. मोठाले चेहरे. वाकतात. माझ्या हाताला, ज्याने लिहितो त्याच — अक्षर हलले — नाक लावतात. प्रत्येकाला उत्तर द्यावे लागते. देव तुझे भले करो. देव तुझे भले — तोमासा. देव तुझे —

रेमेदिओस आली. म्हातारी. माझी. तिने नाक लावले नाही. झग्याच्या टोकाने काच पुसली, माझ्या बाहीवर. म्हणाली, किती पांढरी आहे.

गेली.

इकडे मागे पावले वाजतात. रेतीवर. तो डबेवाला आहे. छायाचित्रकार. डबा डोळ्याला लावतो आहे. हात हलवतो आहे. म्हणतो की, मुलीचे एकटीचे घ्यावयाचे आहे. ए कागदवाल्या, बाजूला हो, दोनच पावले.

ती भाषा इथे फक्त मला येते. मी सांगणार नाही. या वेळी मी कुणालाही सांगणार नाही.

पाय निघाले. माझेच. उजवीकडे.

एक पाऊल झाले. उजवीकडे चौकट संपते. मागच्या खेपेस कोपर तरी आत राहिले होते. आता पलीकडे पाहतो आहे. तिथे जमीन नाही, बराक नाही, ऊनही —

रेमेदिओस, एकदा इकडे पाहा. ती बाही माझी होती. मी तुला त्या रविवारी विचारणार होतो की, तू माझ्या